दोघांपुरती गाडी

आमच्या घरी गाडी आली ती दोराने बांधून, ट्रॅक्टरमागे ओढत. दिल्लीत तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरांच्या ओळीत तो ट्रॅक्टर शिरला तेव्हा मी गच्चीवर केस वाळवत बसले होते. आवाजाने सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. दोराच्या टोकाला एक बुटकी, लांबट, बिनटपाची गाडी हेलकावे खात येत होती. मूळचा रंग कोणता ते सांगता येत नव्हतं, सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा वर आल्या होत्या आणि हेडलाइटच्या एका खोबणीत चिमणीने काड्या भरल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्याचा भाऊ स्टिअरिंग धरून बसला होता. आणि त्यामागून ऑफिसची बॅग हातात घेऊन माझे बाबा पायी चालत येत होते, चेहऱ्यावर असा भाव, की ही वरात कुणाची ते त्यांनाही ठाऊक नाही.

बाबा मंत्रालयात अवर सचिव होते. त्यांची ख्याती सावध माणूस अशी. भाजीसुद्धा ते आधी अख्खा बाजार फिरून, मग पहिल्या गाड्यावर परत येऊन घ्यायचे. क्वार्टरबरोबर मिळालेल्या गॅरेजात आमची स्कूटर, एक मोडकी खाट आणि नागपूरहून आणलेल्या तांदळाची पिंपं असत. अशा माणसाने कुठल्याशा दूतावासातल्या साहेबाची, मागे टाकून गेलेली विलायती स्पोर्ट्स कार सरकारी लिलावात बोली लावून घेतली होती. घरात कुणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

आई तेव्हाच ड्यूटीवरून आली होती. हिंदूरावच्या टेकडीवरच्या इस्पितळात ती नर्स होती, आणि पांढऱ्या साडीतली आई गाडीकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर ती नव्याने आलेल्या पेशंटसाठी राखून ठेवायची. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "अहो, हिला दोनच जागा आहेत."

"हो," बाबा म्हणाले.

"आपण तिघं आहोत."

"ज्योतीचं लग्न झालं की दोघंच राहू."

"ज्योतीचं लग्न होईपर्यंत ही चालेल असं वाटतंय तुम्हाला?"

बाबांनी बॅग खाली ठेवली. त्यांनी खाट बाहेर काढली, पिंपं घरात आणली, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या भावाच्या मदतीने गाडी गॅरेजात ढकलली. वरच्या मजल्यावरच्या शर्मा आंटी गॅलरीतून म्हणाल्या, "भाभीजी, भाईसाहब तो खिलौना ले आए." आई हसून म्हणाली, "बिल्कुल. अब खेलेंगे." बाहेरच्यांसमोर तिने बाबांना कधी एकटं पडू दिलं नाही. घरात आल्यावर मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरातली भांडी जरा जोरातच वाजत होती.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, फिजिक्स घेऊन. ताईचं लग्न होऊन ती अमरावतीला गेली होती, आणि तिच्यानंतर आपला नंबर हे मला माहीत होतं. पण त्या हिवाळ्यात माझ्या आयुष्याचं जे काही ठरलं ते त्या गाडीमुळे ठरलं. आता मी गुरुग्रामला एकविसाव्या मजल्यावर राहते. खाली तळघरात दोन मजले गाड्याच गाड्या असतात, चकचकीत, मुक्या. बॉनेट उघडलं तर आत काळं प्लॅस्टिकचं झाकण. माझा नातू विचारतो, आजी, इंजिन दिसतं कसं? मी त्याला सांगते, दिसतं नंतर, आधी ऐकू येतं, आणि त्याच्याही आधी वास येतो. आमच्या गॅरेजाला जुन्या ग्रीसचा, रॉकेलचा आणि इतकी वर्षं तिथे राहिलेल्या तांदळाचा असा मिळून एक वास होता. तो मला आजही कुठे मिळाला तर ओळखेन.

बाबांची कामाची पद्धत ऑफिसातली होती. त्यांनी एका वाचनालयातून गाड्यांच्या दुरुस्तीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि फाइल वाचावी तसं ते वाचत. रविवारी सकाळी अंघोळ, त्रिशरण, चहा, आणि मग मोढा, म्हणजे वेताचं बुटकं स्टूल, घेऊन गाडीशेजारी. मोठ्याने एक परिच्छेद वाचायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, आणि चुकीचा पाना उचलायचा. त्यांच्या हातात कला नव्हती. नट उलटा फिरवून फिरवून त्यांनी त्याचे कोपरे झिजवले, की मी म्हणायचे, "बाबा, तुम्ही वाचा, मी करते." सुरुवातीला ते नाही म्हणत. दोन-तीन रविवारांत ते वाचू लागले आणि मी करू लागले. हाताला एकदा समजलं की कुठला नट किती जोर मागतो आहे, की मग पुस्तक मागे राहतं. मला ते लवकर समजलं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. काहींना गाणं लवकर समजतं.

मराठी शब्दांची मात्र पंचाईत. मी दिल्लीतच वाढलेली, गॅरेजात माझ्या तोंडी सगळं हिंदी यायचं. "बाबा, पूरा जंग लागलाय याला," असं मी म्हणाले की आई आतून ओरडायची, "गंज म्हण, गंज. जंग म्हणजे लढाई." त्यावर बाबा गाडीखालून म्हणायचे, "इथं दोन्ही एकच आहे गं." आई मग ताट घेऊन यायची. तिचं कितीही बिनसलेलं असो, गॅरेजात जेवण वेळेवर येई. विदर्भातला गोळाभात, वरून कडकडीत हिंगाची फोडणी, सोबत कढी. माझे हात काळे असल्यामुळे ती मला घास भरवायची आणि भरवता भरवता बोलायची, "कॉलेजातल्या पोरी नेलपॉलिश लावतात. माझी पोर इंजिन ऑइल लावते." पण हात कधी मागे घेतला नाही.

इंजिन उघडलं तेव्हा कळलं की आतला गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधला भोकाभोकांचा पत्रा, जागोजागी जळला आहे आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. बाबांनी चार ठिकाणी फोन केले. सगळ्यांनी सांगितलं, या गाडीचा माल विलायतेहूनच यायचा. बाबांनी दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तो जुना गॅस्केट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बस पकडून करोल बागला गेले. तिथल्या पार्टवाल्यांच्या गल्लीत मुलगी एकटी आली की आधी लोक विचारत, पापा कहाँ हैं? मी तिसऱ्या का चौथ्या दुकानात उभी होते. दुकानदार मान हलवत होता, "बेटा, ये गाड़ी इंडिया में किसी के पास नहीं, सामान कहाँ से आएगा?" त्याच्या डोक्यावर तारेला गॅस्केट टांगलेले होते. त्यातला एक मला ओळखीचा वाटला. मी म्हटलं, "वो उतारिए ज़रा." त्याने उतरवला. मी काउंटरवर आमचा जळका गॅस्केट ठेवला आणि त्यावर तो नवा. भोकावर भोक बसलं.

दुकानदार म्हणाला, "पर ये तो सफ़ेद सरकारी गाड़ी का है."

"तो इसे भी सरकारी समझिए," मी म्हटलं.

खरंच तसं होतं. ज्या पांढऱ्या, गोल पाठीच्या गाड्यांतून दिल्लीतलं सगळं सरकार फिरत होतं, त्यांच्या पोटात आणि आमच्या गाडीच्या पोटात एकाच घराण्याचं इंजिन होतं. आमचीला दोन कार्बोरेटर आणि मिजास जास्त, एवढाच फरक. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "म्हणजे ही आपल्याच खात्यातली निघाली," ते म्हणाले. त्या दिवसापासून इंजिनाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा, हे त्यांनी न बोलता मान्य केलं.

पण सीट त्यांनी मला करू दिल्या नाहीत. पान्याला घाबरणारे बाबा सीटच्या बाबतीत वेगळेच माणूस झाले. त्यांनी सदर बाजारातून लाल रेक्झिन आणलं, काथ्या आणला, जाड सुई आणि मेणाचा दोरा आणला. स्प्रिंगा एकेक करून ताणून बांधल्या. दुपारच्या उन्हात अंगणात चटईवर बसून ते टाका घालत, उसवत, पुन्हा घालत. बोटांना सुया टोचून टोचून फोड आले. मी म्हटलं, "बाबा, मोड़ पर तो सीटवाला आहे ना, चलो त्याला देऊन टाकू." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ही डावीकडची सीट बांची आहे. ती मीच करणार."

बा म्हणजे माझे आजोबा. ते नागपूरला राहत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि आईने आपल्याच इस्पितळात त्यांच्या ऑपरेशनची वेळ ठरवली होती. थंडी उतरली की ते येणार होते. आजोबांना गाडीत बसवायचं एवढं काय, हे मला कळेना. मी आईला विचारलं. ती मटार सोलत होती. दिल्लीच्या हिवाळ्यात आमच्या घरी मटार सोलण्याला अंत नसे. हात न थांबवता तिने सांगितलं.

बाबा लहान असताना आजोबा नागपुरात एका वकिलाच्या बंगल्यावर गाडी धुण्याचं काम करत. तीही अशीच दोन जागांची, उघडी गाडी होती. बाहेरून धुवायची, पुसायची, आत हात लावायचा नाही. एक दिवस बाबा आजोबांची भाकरी घेऊन गेले, तर आजोबांना ताप भरलेला. पोर्चच्या सावलीत गाडी उभी होती, आणि आजोबा क्षणभर सीटच्या कडेला टेकले. वकिलाच्या घरच्यांनी पाहिलं. आरडाओरडा झाला. सीटचं कव्हर काढायला लावलं, आणि तापातल्या आजोबांनाच ते नळावर धुवायला लावलं. भाकरीचं फडकं हातात घेऊन बाबा फाटकाशी उभे होते. "त्यानंतर ती नोकरी गेली," आई म्हणाली. "एवढंच त्यांनी मला सांगितलंय, तेही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. मला आधी हे लक्षात आलं नाही. सीट शिवायला बसले तेव्हा आलं." तिने शेंगांची टरफलं गोळा केली. "म्हणून मी आता दोन सीटांचं काही बोलत नाही."

मीही मग सीटवाल्याचं नाव काढलं नाही. पण एक गोष्ट माझ्या नजरेत भरायला लागली. इतके महिने त्या गाडीभोवती घालवून बाबा एकदाही तिच्यात बसले नव्हते. स्टिअरिंग तपासायचं तर मला बसवत. पेडल दाबायचं तर बाहेरून वाकून हाताने दाबत. त्यांचा मोढा गाडीशेजारीच राही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दुपारी सगळी ओळ आमच्या दारात जमली होती. आधी नुसते उसासे, मग एक बार, धूर, आणि मग तो घोगरा, भरदार आवाज, जो भिंतीतून पायांत उतरत होता. शर्मा आंटींनी कानांवर हात ठेवले, पण हसत. बाबांनी माझ्या डोक्यावर ग्रीसचा हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. पुढे रंग झाला, कैरीसारखा हिरवा, तो गल्लीत गाडी उभी करून देताना वाऱ्याने दोनदा धूळ बसवली आणि दोनदा घासून काढावा लागला. कागदपत्रं झाली. मी किंग्जवे कॅम्पच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकून लायसन्स काढलं, कारण बाबांनी आपण चालवणार नाही हे आधीच जाहीर केलं होतं.

आजोबा यायच्या आदल्या आठवड्यात स्कूटर बिघडली. आईची सकाळची ड्यूटी होती आणि उशीर झाला होता. मी म्हटलं, "आई, चल, मी सोडते." बाबा पुढे झाले. "अगं, डावी सीट बांची…" ते म्हणाले.

"बा बसायच्या आधी तपासून नको बघायला?" आई म्हणाली. पांढरी साडी आवरून ती त्या लाल सीटवर बसली आणि पर्स मांडीवर घेऊन समोर बघू लागली, जशी बसमध्ये बसते तशीच. सकाळच्या उन्हात आम्ही रिजचा, म्हणजे इस्पितळाच्या टेकडीचा, चढ चढलो. इस्पितळाच्या फाटकात वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक, चहावाला, सगळे थांबले. आई उतरली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाली, "दुपारी घ्यायला ये." ते इतक्या सहज की जणू हे वर्षानुवर्षं चालू आहे.

दुपारी मी तिला घेऊन उतारावर लागले, आणि वळणाच्या आधी ब्रेक दाबला तर पाय सरळ खाली गेला. पुन्हा दाबला. पेडलमध्ये काहीच नव्हतं, रिकाम्या डब्यावर पाय द्यावा तसं. खाली मलकागंजचा बाजार होता, रिक्षा होत्या, शाळा सुटलेली पोरं होती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आई, ब्रेक नाहीये."

आईचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असं म्हटलं तरी चालेल. म्हणजे तो आवाज, ज्याने ती वॉर्डात बोलत असणार. खालचा, सपाट, अगदी सावकाश. "बरं. थांबवायला आणखी काय काय आहे?"

"गिअर. आणि मधला हँडब्रेकचा दांडा."

"तू गिअर बघ. दांडा मी धरते. कधी ओढायचा ते सांग."

मी तिसऱ्यात टाकली, मग दुसऱ्यात. इंजिन ओरडलं, गाडी मागून कुणी पदर धरावा तशी खेचली गेली. "आता ओढ, हळूहळू." आईने दोन्ही हातांनी दांडा ओढला, झटका न देता, दाब वाढवत वाढवत. डाव्या हाताला रिजच्या जंगलात शिरणारा कच्चा चढाचा रस्ता मला कॉलेजच्या रोजच्या जाण्यायेण्यातून माहीत होता. मी गाडी तिकडे वळवली. मातीवर चाकं घसरली, मग चढाने तिला धरलं, आणि एका कीकरच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडापाशी ती जणू स्वतःच्या मर्जीने थांबली. मी इंजिन बंद केलं. एक वानर येऊन बॉनेटवर बसलं आणि आमच्याकडे बघू लागलं. आईने पर्स उगारून त्याला हाकललं, मग माझी नाडी बघितली. खरोखर बघितली, मनगट धरून, घड्याळाकडे नजर ठेवून.

"ठीक आहेस," ती म्हणाली. "चांगली चालवतेस तू."

मी पुढे आयुष्यभर गाड्यांच्या ब्रेकचंच काम केलं. इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा दिली, कारखान्यांत राहिले, तरुण पोरांना शिकवलं. मुलाखतींत लोक विचारत, या क्षेत्रात कशा आलात? मी सभ्य उत्तरं दिली. खरं उत्तर त्या कीकरच्या झाडाखाली आहे. तिथे बसून मी ठरवलं की थांबणं हे नशिबावर सोडायचं नाही.

गाडी दुसऱ्या दिवशी ओढून घरी आणली. मागचं डावं चाक उघडलं तर आतला वाटीसारखा रबर उलटा बसवलेला होता, आणि सगळं ब्रेक ऑइल तिथून थेंब थेंब निघून गेलं होतं. ते एकच चाक, मी ट्रेनिंग स्कूलला गेले असताना, बाबांनी केलं होतं. आई दारात उभी राहून म्हणाली, "तुमची मुलगी चांगली चालवते. रबर मात्र तुम्ही बसवलेला होता." बाबा मोढ्यावर बसले आणि तो रबर बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं आता ते गाडी विकून टाकू म्हणतील. आईलाही तसं वाटलं असावं, कारण तीच पुढे झाली. पदर खोचला, स्टिअरिंगवर जाऊन बसली आणि मला विचारलं, "यात माझं काम काय?"

चारही चाकं मी नव्याने केली. मग पाइपांतली हवा काढायची होती. चाकाशी मी, हातात एक स्वच्छ सलाईनची नळी आणि काचेची बाटली, आणि पेडलवर आई. खरं तर हुकूम मी द्यायचे होते, पण दोन चाकं होईस्तोवर तिने काम ओळखलं आणि सूत्रं आपल्याकडे घेतली. "दाबतेय. धरलंय. उघड. बंद कर. सोडतेय." बाळंतपणाच्या वॉर्डात बारा वर्षं काढलेल्या बाईचा तो ताल होता. नळीतून बुडबुडे येत, मग कमी होत, मग निव्वळ ऑइलची अखंड धार. बाबा बाटलीत ऑइल भरत होते आणि तिच्याकडे बघत होते. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट झालं. आई त्यावर उभीच राहिली, पूर्ण भार देऊन. "आता बांना बसवा," ती म्हणाली.

आजोबा आले, ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. हिरव्या कापडाची झापड लावून काही दिवस ते अंगणात उन्हात बसत आणि आवाजावरून माणसं ओळखत. एक डोळा उघडला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी आईला म्हटलं, "सूनबाई, तू तं बारीक झाली." मग माझ्या नखांकडे बघितलं आणि हसले.

त्या रविवारी बाबांनी पांढरा शर्ट घातला. गाडी अंगणाबाहेर कडुलिंबाखाली काढून ठेवली होती. सीट पुसून पुसून चमकत होती. बाबांनी आजोबांचा हात धरून त्यांना तिथवर आणलं आणि डावीकडचं दार उघडलं. आई आणि मी मागे उभ्या होतो. बाबांनी काहीतरी बोलायचं ठरवलं असावं, पण त्यांनी सीटवरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं. नुसतं म्हणाले, "बा, बसा."

आजोबांनी वाकून आत बघितलं. नव्या डोळ्याने सीटवरचे टाके बघितले, बोटाने चाचपले. "कोनं शिवली?"

"मी."

"तू?" आजोबांनी एक टाका नखाने ओढून बघितला. "लाल कायले घेतलं?"

"त्या वकिलाच्या गाडीच्या सीट लाल होत्या," बाबा म्हणाले.

आजोबा सरळ झाले. बाबांकडे वळले. म्हणाले, "तुले आठवते ते?"

"बा, रोज आठवतं. तुम्हाला तापात धुवायला लावलं. कामावरून काढलं."

"काढलं?" आजोबांनी मान हलवली. "कोनं सांगतलं तुले? मले कोनी नाही काढलं. कवर धुतलं, दोरीवर वाळू घातलं, अन् दुसऱ्या दिवशी जाऊन मीच सांगून आलो, उद्यापासून तुमची गाडी तुम्हीच धुवा. ते मांगं मांगं आले न बोलवाले. मी सरळ मिलमंधी गेलो. तिथं पगार दुप्पट. तुह्या शाळेची फी त्यातूनच भरली." ते जरासे हसले. "मले तं त्या वकिलाचं नावबी धड आठवत नाही आता. मी सोडून देल्लं ते. तू कायले एवढे वर्स डोक्यावर घेऊन फिरला बापू?"

बाबा दाराला हात लावून उभे होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही रडले नाहीत. पण त्यांचा चेहरा एकदम लहान झाला, भाकरीचं फडकं हातात घेऊन फाटकाशी उभ्या राहिलेल्या पोराएवढा.

"बसा ना, बा," ते पुन्हा म्हणाले.

"मले नको. लय खाली हाये हे, उठता नाही येनार." आजोबांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना हलकेच दाराकडे ढकललं. "तूच बस. तुलेच बसाचं होतं. ज्योती, फिरवून आन याले."

बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "बसा हो." मग ते बसले. आधी पाय कुठे ठेवायचे ते कळेना, गुडघे छातीशी आले, हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. मी गाडी सुरू केली. आजोबा आणि आई लिंबाखाली उभे होते. आजोबा हात हलवत नव्हते, नुसते नीट बघत होते.

मी रिजच्या बाजूने निघाले. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा, कीकरांमधून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी येत होतं. बाबांचे केस वाऱ्याने उडाले, त्यांनी ते बसवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.  वर पोचल्यावर, समोरचा रस्ता सरळ होत असताना, त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "ज्योती, बा काय म्हणाले? काढलं नाही, सोडलं, असंच ना?"

"हो बाबा. सोडलं."

त्यांनी मान डोलावली. पाठ मागे टेकली, पहिल्यांदाच, पुरती. मग म्हणाले, "मग जरा जोरात घे."